ओढ्यातला बाप्तिस्मा

पाळकबाईंच्या चर्चमधल्या मंडळीचे बाप्तिस्मे पूर्वापार ओढ्यात व्हायचे, आणि बाईंच्या थोरल्या भावाच्या रंगाच्या कारखान्याचं सांडपाणीही त्याच ओढ्यात जायचं. आता बोला! दोन वर्षांपूर्वी दादानं आपणहून चर्चमध्ये बाप्तिस्म्यासाठी टाकी बांधून दिली, तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. पण आपल्या माणसांची सोय झाली ना? त्या गप्प बसल्या.

शेवटी एका रविवारी त्यांनी उपदेशात सांगून टाकलं, की देवानं माणसाला बागेत ठेवलं ते तिची राखण करायला. झालं! जेवताना दादा उखडला.

"राखण करायला मी काय वॉचमन आहे? देवानं आपल्याला सृष्टीवर सत्ता दिलीय, सत्ता!"

"सत्ता दिली म्हणून घाण करायची?"

"कसली घाण? पाणी स्वच्छ करूनच सोडतो आम्ही. उगाच पराचा कावळा करू नकोस."

त्याची लेक इतका वेळ निमूट जेवत होती. पुढच्या रविवारी तिचाच बाप्तिस्मा होता. "स्वच्छ आहे ना, पप्पा? मग मी ओढ्यातच घेणार. आजीसारखा."

दादाचा घास हातातच राहिला. पण शब्दात सापडला होता बिचारा. "घे की," म्हणाला.

आठवडाभर बाईंना मन खात होतं. पोरीला पुढे करून आपण भावाला कोंडीत धरतोय, हे त्यांना कळत होतं. तरी "नको" म्हणवेना.

रविवारी मंडळी काठावर जमली. खालच्या वस्तीतल्या बायकाही धुणं थांबवून बघत होत्या. बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. उग्र भपकारा आला, पोटऱ्या चुरचुरायला लागल्या. देवा, मी हे काय करतेय? काठावरून उतरू लागलेल्या पोरीला थांबवायला त्यांनी हात वर केला, तेवढ्यात दादा ओरडला.

"मागे हो! पाय घालू नकोस त्यात! कातडी जळेल!"

धावत येऊन त्यानं लेकीला दंडाला धरून खेचलं.

धुणं धुणारी एकजण उठली. "मालक, आमची पोरं रोज डुंबतात इथं. त्यांना कधी सांगणार होतात?"

दादानं लेकीचा दंड सोडला. मग ती बाईंकडे वळली.

"पाळकबाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

बाई अजून पाण्यातच उभ्या होत्या.

"होतं," त्या म्हणाल्या.