आईने न उघडलेला मेल

गाद्यांच्या दुकानाचा मेल गिऱ्हाइकांना कधी पाठवावा, यावर दुकानात जितकी डोकी तितकी मतं होती. मालक म्हणायचे, रविवारी सकाळी पाठवा. माणूस तेव्हा गादीतच लोळत असतो, पाठ दुखत असेल तर तिथल्या तिथं कळतं. हिशेबनीस म्हणायचे, पगाराच्या दिवशीच पाठवा, दुसऱ्या दिवशी माणूस शहाणा होतो. काम मात्र तिथं नोकरीला असलेल्या थोरलीचं होतं, दोघी बहिणींतल्या मोठीचं. दुकानाच्या पोटमाळ्यावर, उशांच्या ढिगाऱ्याला पाठ टेकून ती बसायची. अर्ध्या यादीला सकाळी मेल धाडायची, अर्ध्या यादीला संध्याकाळी, आणि मग कुणी उघडला ते पडद्यावर बघायची. उघडला त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, नाही उघडला त्याच्यापुढे करडा. काम चोख होतं आणि मालक खूश होते.

सगळं बिघडलं ते आईच्या नावापुढच्या करड्या ठिपक्यामुळे.

आईचं नाव यादीत थोरलीनेच घातलं होतं. लेक काय करते ते आईला कळावं, जमल्यास कौतुकही व्हावं, एवढाच हेतू. आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि फोन चांगला हाताळायची. तरी ठिपका करडा तो करडाच. शेवटी एके संध्याकाळी थोरली वाट वाकडी करून आईकडे गेली.

"आमचा मेल बघितला नाहीस ना?" ती हसत म्हणाली. "तू उघडला नाहीस की मला तिथं कळतं हं."

"हो का? एवढं कळतं?" आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात थोरलीने टेबलावरचा फोन उचलला. आईचा फोन बघू नये, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने बघितला. धाकटीचे मेल उघडलेले होते, एकूण एक. धाकटी परगावी प्रवासी बॅगांच्या मोठ्या कंपनीत नेमकं हेच काम करायची. चारी बाजूंना फिरणारी चाकं, पाण्याने न भिजणारी चेन, विमानात सोबत नेता येईल असं माप, आईने सगळं वाचलेलं होतं. जी बाई वर्षभरात कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापलीकडे गेली नव्हती, तिने! आणि मधूनमधून थोरलीचे मेल, जाड ठशात, न उघडलेले, दाराबाहेर ताटकळणाऱ्या विक्रेत्यांसारखे.

थोरलीला मत्सर वाटला. उगाच दुसरं गोड नाव कशाला द्यायचं? लहानपणापासून हेच होतं. धाकटी पडली की घर धावायचं; थोरली पडली की "बघून चालता येत नाही?" धाकटी सहा महिन्यांतून एकदा येणार, आईच्या गळ्यात पडणार, दोन दिवसांत परत जाणार, आणि पुढे महिनाभर तिच्याच गोष्टी. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. जवळच्या डोंगरावर लोक कपडे वाळत घालतात.

वरताण म्हणजे, खोलीच्या कोपऱ्यात एक नवीकोरी निळी बॅग उभी होती.

"ही कशाला घेतलीस?"

"धाकटीच्या पत्रात होती," आई कप ठेवत म्हणाली. मेलला ती पत्रच म्हणायची. "छान वाटली."

"कुठे निघाली आहेस?"

"मी कुठे जाणार? स्वेटर ठेवलेत तिच्यात."

आणि झोपायची मात्र बाबांच्या वेळच्या गादीवर, मधोमध खड्डा पडलेल्या! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने चहा अर्धाच घेतला.

त्या दिवसापासून बाकीची गिऱ्हाइकं गेली उडत. आई लवकर उठते, म्हणून मेल पहाटे जाऊ लागला. आई लवकर जेवते, म्हणून पुढचा भर दुपारी. आई मालिका बघते आणि जाहिराती लागल्या की फोन हातात घेते, म्हणून त्यानंतरचा नेमका जाहिरातींच्या वेळेला. हजारो निरपराध माणसांना अंधारात उठवून उशांवरची सूट कळवली गेली. एकाने उलट लिहिलं, तीन रात्रींनी डोळा लागला होता तो तुम्ही मोडलात, आता तुमची गादी घेऊन करू काय? मालक स्वतः जिना चढून वर आले.

"हे काय चाललंय?"

"प्रयोग चाललाय, साहेब."

"कुणावर?"

थोरलीने आईचं नाव दिसू नये म्हणून पडद्यावरची यादी खाली सरकवली. मालकांनी बजावलं, की या महिन्यात धड वेळ ठरली नाही तर हे काम बाहेर देऊन टाकीन. एरवी तिची झोप उडाली असती. आता तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आईने एक मेल उघडावा, एकच, एवढंच तिला हवं होतं.

प्रत्येक मेलनंतर करडा ठिपका यायचा आणि प्रत्येक ठिपक्यानंतर थोरली आईच्या दारात. कधी डबा परत न्यायला, कधी नळ गळतोय का बघायला. नळ गळत नव्हता. आई बिस्किटं काढायची, शेजारणीच्या गुडघ्याची खबर सांगायची, आणि थोरली हं हं करत टेबलावरच्या फोनकडे डोळा ठेवायची. निघताना चप्पल घालता घालता विचारायची, "आमचा मेल आला होता का गं?"

"आला असेल. बघते हं," आई म्हणायची.

पिकतं तिथं विकत नाही, असं पुटपुटत थोरली घरी जायची आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसायची.

शेवटी न राहवून तिने दुकानातूनच धाकटीला फोन लावला. "खरं सांग, आईला तू मेल कोणत्या वेळेला पाठवतेस?"

"कुणाला?"

"आईला! तुझे सगळे उघडते ती."

"आई आहे आमच्या यादीत?" धाकटी हसायलाच लागली. "अगं ताई, मला पत्ताच नाही. तिनेच नाव घातलं असणार. एवढ्या मोठ्या यादीत मी कुणाकुणाला बघू? आणि वेळ मी कुठे ठरवते, सॉफ्टवेअर ठरवतं. जो ज्या वेळेला उघडतो, त्याला त्याच वेळेला आपोआप जातो. बरं, ठेवते, मीटिंग आहे."

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. धाकटीला पत्ताच नव्हता! अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तडक निघाली.

आई खिडकीशी फोन घेऊन बसली होती. "ये गं. हे बघ, माझा चहा झाला की बरोबर धाकटीचं पत्र येतं."

हळुवारपणे सांगायचं, असं थोरलीने वाटेत ठरवलं होतं. पण तोंडातून भडाभडा बाहेर पडलं. "ती नाही पाठवत, आई! मशीन पाठवतं. तू यादीत आहेस हेसुद्धा तिला माहीत नाही. मी आत्ता विचारलंय तिला."

आईने चष्मा काढून पुसला. "माहीत आहे मला. वर 'प्रिय ग्राहक' लिहिलेलं असतं. पोटची पोर आईला ग्राहक म्हणेल का?"

"मग वाचतेस कशाला?"

"ती फोनवर दोन मिनिटं बोलते आणि ठेवते. मग यातून कळतं तेवढं कळतं. बॅगा संपत आल्या म्हणून लिहिलं, की वाटतं, चला, पोरीचं बरं चाललंय."

"आणि माझं?" थोरलीचा आवाज चिरकला. एवढी मोठी बाई, पण रडू कोसळायचंच बाकी होतं. "माझं काय चाललंय ते नको कळायला? एक मेल उघडला नाहीस माझा. पहाटे पाठवला, दुपारी पाठवला, सगळ्या दुकानाचं वाटोळं करून पाठवला!"

"पहिले खरंच राहून गेले होते," आई म्हणाली. "तर तू आलीस. त्याआधी कधी आली होतीस, सांग बरं?"

थोरलीने आठवून बघितलं. रोज संध्याकाळी ती याच गल्लीच्या तोंडावरून जायची. खिडकीतला दिवा बघायची, आई ठीक आहे असं समजायची, आणि उद्या जाऊ म्हणायची.

"मग पुढचा मुद्दाम ठेवला. परत आलीस. त्याच्या पुढच्यालाही आलीस." आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "उघडला असता तर आली असतीस?"

 थोरली आईशेजारच्या खुर्चीत बसली आणि पदराने डोळे टिपू लागली. आईने थोडा वेळ तिला रडू दिलं, मग बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"पुढचा कधी पाठवणार आहेस?" तिने विचारलं.