काठोकाठ चहा

नदीकाठी होड्या ठेवून नवख्यांना वल्हवायला शिकवणाऱ्या धाकटीची परीक्षा साधी होती. बांधलेल्या होडीत माणसाला बसवायचं आणि हातात काठोकाठ चहाचा कप द्यायचा. न सांडता प्यायला तर नदीचा उजवा फाटा, जिथे पाणी दगडांवर आपटत खाली उतरतं. सांडला तर डावा, जिथे बदकंसुद्धा झोपेत पोहतात.

त्या सकाळी परीक्षेला थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, बसले होते. बूट नवे, जाकीट नवं, जाकिटाला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. मागे ताईही कप घेऊन बसली होती.

"मेहुणीबाई, पाण्याला घाबरायचं नसतं. त्याला धाक दाखवायचा!" म्हणत दाजींनी हात उगारला. तो नेमका कपाचा हात. निम्मा चहा मांडीवर, निम्मा नदीला.

"आपण उजवीकडूनच जाणार," मांडी चोळत दाजी म्हणाले.

ताईने धाकटीला बाजूला ओढलं. "डावीकडे पाठवलंस तर महिनाभर तोंड फुगवून बसतील. उजवीकडे पाठवलंस तर घरी न्यायला उरायचे नाहीत. काय हवं ते कर, पण माणूस आणि त्याचा मान, दोन्ही मला परत दे."

धाकटीने दोघांची होडी काढली. "दाजी, तुम्ही पुढे. जोर तुमचा." मग ताईच्या कानात, "दिशा मागच्याच्या हातात असते. वल्हं कसं धरायचं ते बघून घे." आणि दुसऱ्या होडीतून ती मागोमाग निघाली.

नदी उपसायचं कंत्राट घेतल्यासारखे दाजी वल्हवत होते. फाटा आला. "उजवीकडे!" दाजी गरजले. ताईने वल्हं नुसतं तिरकं धरलं. होडी निमूट डावीकडे वळली. दाजींना पत्ताच नाही, त्यांनीच उडवलेल्या पाण्याने चष्मा भरला होता. वाटेत एका दगडाला होडीचं नाक घासलं, दाजी किंचाळले, आणि काठ आला.

"हाच ना तो? उगाच बाऊ करता तुम्ही लोक!"

"तुमच्यापुढे काय टिकणार, दाजी," म्हणत धाकटीने त्यांच्या जाकिटाची चिठ्ठी तोडून दिली. चला, सुटलो, तिला वाटलं.

ताई मात्र होडीतून उतरेना.

"धाकटे, सकाळी माझा कप बघितलास?" ती हळूच म्हणाली.

धाकटी चपापली. तिचा जीव सगळा दाजींच्या कपात अडकला होता.

"यांनी हात उगारला तेव्हा होडी केवढी हलली! माझा एक थेंब सांडला नाही. इतकी वर्षं यांच्या स्कूटरवर मागे बसून भाजी, पोरं, पातेली सांभाळलीत मी. आता मला खरा उजवा फाटा दाखव."

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा लहानपणानंतर पहिल्यांदाच. मग होडी गाडीवर टाकून दोघी वरच्या धक्क्यावर गेल्या, आणि पाण्यात उतरताना धाकटी स्वतः पुढच्या जागेवर बसली.

"अगं, परत कुठे?" दाजी काठाकाठाने धावत आले. "मी येऊ का? जोर लागेल!"

"नको, तुम्ही चहा घ्या," मागून ताई म्हणाली. "अर्धाच भरा."