लालासाहेबांचं शून्य

सन दोन हजार चोवीस, वैशाख शुद्ध सप्तमी, मंगळवार. भर उन्हाळा. आदल्या साली पावसानं दगा दिलेला, कृष्णेचं पात्र अर्धं उघडं पडलेलं. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता, पाळी संपायला तीन तास बाकी असताना, मला बंद केलं. तो राग माझ्या लोखंडातून अजून गेलेला नाही.

मी वॉल बोलतोय. पाणी सोडणारा-अडवणारा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, नंबर चार. पलूस तालुक्यात एका गावाच्या शिवारात, नदीचं पाणी उचलून आणणाऱ्या पाइपलाइनवर बसलोय.

शिक्षण काही नाही. शिरवळच्या एका फाउंड्रीत वाळूच्या साच्यात मला ओतलं, घासलं, रंग दिला आणि टेम्पोत टाकून सातारा-कराड करत इकडे आणलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. रंग उडाला. चाकाची एक काडी मोडली, ती कुणी बसवली नाही. चौदा फेरे एकीकडे फिरवलं की मी पूर्ण उघडतो. चौदा फेरे दुसरीकडे फिरवलं की शून्यावर येतो. एवढंच येतं, पण पक्कं येतं.

मी शून्यावर असलो की लोकांना वाटतं, हा रिकामा बसलाय. उघडा असतो तेव्हा पाणी माझ्या अंगातून नुसतं जातं, त्यात माझी बहादुरी ती काय? बंद असतो तेव्हा नदीपासून चढवून आणलेलं सगळं पाणी छातीवर घेऊन उभा असतो. माझं खरं काम ते. ते कुणाला दिसत नाही.

आमच्याकडे पाणी पाळीनं मिळतं. दर बारा दिवसांनी ज्याचे त्याचे ठरलेले तास. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाचा ऊस तुटून गेला, की तो आपले दोन-चार तास शेजाऱ्याला देतो. याला पाण्याचं उसनं म्हणतात. ते तासाला तास फेडायचं. हे सगळं गुंडाच्या डोक्यात असायचं. गुंडा आमचा पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा. मी बसलो त्या दिवसापासून माझं चाक त्याच्याच हातात.

माझ्या खालचं शेत लालासाहेबांचं. फौजेतून सुभेदार होऊन आले. गाव त्यांना तात्या म्हणतं. सव्वीस वर्षांत या माणसानं एक तास पाणी उसनं घेतलं नाही. मागल्या उन्हाळ्यात मोटर जळाली, तेव्हा खालच्या अंगाच्या सगळ्यांनी वरच्यांकडून तीन-तीन तास घेतले. तात्यांनी भुईमूग वाळू दिला, पण तोंड उघडलं नाही. माणूस हट्टी आहे. मला हट्टी माणसं पटतात.

वरचं शेत जिनदत्त अण्णांचं. मी बंद झालो की पाणी त्यांच्या वॉलकडे वळतं. मऊ बोलणारा माणूस. मऊ बोलणाऱ्यांचा मला भरवसा नाही.

यंदा पाडव्याला पाणीवाटप सोसायटीच्या कमिटीनं ठरवलं, उसन्याचा हिशेब फोनवर ठेवायचा. गुंडाची मुलगी उत्कर्षा सांगलीत कॉम्प्युटर शिकली आहे. तिनं पैसे न घेता फोनवर उघडणारं वेब पान तयार केलं, नोंदींची एक वही त्याला जोडली आणि घरोघरी जाऊन विचारलं, किती तास देणं आहे? काही जण बोलेचनात. तेव्हा कमिटीनं नियम काढला: ज्यानं सांगितलं नाही, त्याच्या नावावर मोटर जळाली तेव्हाचे तीन तास धरा आणि वरच्या शेजाऱ्याला द्या. तात्यांनी मात्र तिला माझ्या कट्ट्यावर बसवून सांगितलं, "शून्य लिही. माझ्या म्होरं लिही." तिनं लिहिलं. मी साक्षीदार आहे.

आणि तरी मंगळवारी अकराला गुंडा आला आणि माझं चाक फिरवायला लागला.

तात्या सरीतून खोरं घेऊनच वर आले. अक्षय तृतीयेला हळद लावली होती, हे तिचं पहिलं पाणी. आठ तासांतले पाच झाले होते.

"काय रं, मोटर गेली व्हय?"

"न्हाई तात्या. तुमची पाळी संपली. तीन तास अण्णांचं देणं हाय तुमाकडं."

"कुणाचं?"

"आवं, मोबाईलवर आलंय."

"मोबाईल तुझा बा हाय व्हय रं? सव्वीस वर्सं पाणी सोडतूस. मी कवा कुणाचं घेतलं?"

गुंडा खाली बघत राहिला. शेजारच्या सरीतल्या चार बायका उभ्या राहून ऐकत होत्या. "न्हाई घेतलं," तो हळूच म्हणाला. "पर आता समद्यांचं ह्यावरच चाललंय. मी काय करू?" आणि त्यानं मला बंद केलं. फेरा अडत होता, कारण मी अडवत होतो. पण लोखंडाला हट्ट किती करता येणार? मला फिरवलं की फिरावं लागतं. गुंडा माणूस होता. ठाऊक असून त्यानं फिरवलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सुभेदाराकडंबी देणं निघालं म्हणे. तात्या चहाच्या टपरीवर गेले नाहीत. कोरड्या सऱ्यांच्या कडेला बसून राहिले. तसल्या उन्हात कोरड्या मातीत हळदीचं बेणं, म्हणजे लावलेले कंद, भाजून निघतं. पण ते बेण्याकडे बघत नव्हते, रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडे बघत होते.

बुधवारी दुपारी उत्कर्षा लॅपटॉप घेऊन माझ्या कट्ट्यावर येऊन बसली. तिनं आपण होऊन तात्यांना बोलावलं. एवढं तिचं चांगलं.

"तात्या, तुमी शून्यच सांगितलेलं. वहीत शून्यच हाय, ह्ये बघा. पण पाळीच्या पानावर तीन येत्यात."

"म्हंजे लिव्हलं एक, वाचलं एक. वाचतंय कोण ते सांग. त्याला बघतो."

"ही भाषा वाचती. वेब पानाची. हितं बरोबरची खूण तीन तऱ्हांची हाय. एकदा काढली की ठेवणं. ह्या नावात ही संख्या ठेव. दोनदा काढली की तुलना, पण सैल. शून्य आन् कोरी चौकट तिला एकच वाटत्यात. तीनदा काढली की काटेकोर. मी दोनाच्या जागी तीन केल्या."

"मग?"

"तरी तीनच तास दाखवतंय."

"म्हंजे चोर दुसऱ्या घरात हाय. हुडक."

अर्धा तास ती एकेक ओळ बोटानं दाबत खाली गेली. तात्या काठी टेकून उभे. बस म्हटलं तरी बसले नाहीत. मग ती थांबली.

"घावलं. ह्या दोन उभ्या रेघा. ह्यांचं काम असं, डावीकडं काय असंल तर ते घ्या, नसंल तर उजवीकडचं. डावीकडं तुमी सांगितलेलं. उजवीकडं कमिटीचं तीन."

"डावीकडं शून्य हाय की."

"रेघांना शून्य म्हंजे काय न्हाई, असंच वाटतं."

तात्यांची मान ताठ झाली. "शून्य म्हंजे काय न्हाई? आगं, शून्य मी तोंडानं सांगितलंय. कोऱ्या चौकटीवाल्यानं सांगितलंच न्हाई. आमी दोघं एक?"

मी बंदच होतो. चाळीस फूट पाणी माझ्या छातीवर होतं. मला बोलता आलं असतं तर त्या रेघा काढणाऱ्याला एवढंच म्हणालो असतो, ये, माझं चाक काढून टाक आणि मग सांग शून्य काय असतं.

"ह्या खुणेनं गावाचं काम चाललं कसं मग?" तात्यांनी विचारलं.

"चालतंय तात्या. ज्यांचं काय ना काय देणं हाय, त्यांचं बरोबर येतं. जे बोललं न्हाईत, त्यांचंबी. फकस्त शून्यवाल्याचं चुकतं."

"आन् गावात शून्यवालं किती?"

तिनं यादी वरून खाली सरकवली. "एकटं तुमीच."

तात्या पहिल्यांदा हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हंजे देणेकरी समदे सुखात, आन् शिक्षा मला."

तिनं रेघा खोडल्या आणि त्या जागी दोन प्रश्नचिन्हं घातली. "आता हे इचारतं, काय सांगितलंय का न्हाई? सांगितलं असलं तर शून्य असू दे न्हाईतर शंभर, तेच धरतं. सांगितलंच नसलं तरच तीन."

"ही खूण ठावं होती?"

"व्हती."

"मग आदी का न्हाई घातली?"

"रेघांचीच सवय हाय. क्लासात समदी त्याच घालायची."

"घाल माझं शून्य." तिनं घातलं. पानावर शून्य आलं. "आता पुस. कोरं ठेव." तीन आलं. "पुन्यांदा शून्य." शून्य आलं. चार वेळा त्यांनी तिला हे करायला लावलं. फौजेतल्या माणसाला एकदा दाखवून चालत नाही. मलाही चालत नाही.

"नाव धुतलंस," ते म्हणाले. "तासाचं काय?"

बांधावर बसलेला गुंडा म्हणाला, "म्होरल्या पाळीला तीन तास जादा देतो की. बारा दिवसांनी."

"बारा दिवसांनी मढ्याला पाणी पाजू?"

"अण्णांकडं मागा मग."

"मी मागणार न्हाई. जन्मात मागितलं न्हाई."

"तात्या, हे उसनं न्हवं, तुमचंच हाय," उत्कर्षा म्हणाली.

"मागणं ते मागणंच."

तिनं लॅपटॉपवर आणखी एक ओळ लिहिली: जिनदत्त अण्णा, लालासाहेबांना देणं, तीन तास. घटकाभरात सोसायटीतल्या सगळ्यांच्या फोनवर ते पोचलं.

अण्णा तासाभरात मोटरसायकलवरून आले. मऊ आवाज आज नव्हता.

"पोरी, माझ्या नावावर देणं कुणी लिव्हलं?"

"मी."

"मी घेतलं न्हवतं. पाणी आपसूक आलं."

"आलेलं ठिवलं की, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, गुंडाकडे बघितलं. तात्यांकडे बघायला वेळ लागला.

"तात्या, खरं सांगतो. तुमी घेतलं न्हाई हे मला मंगळवारीच ठावं होतं."

"मग?"

"पाणी दारात आलं. माझीबी हळद हाय."

"गावानं मला देणेकरी म्हटलं. तू टपरीवर बसून ऐकलंस."

"ऐकलं."

अण्णा कोरड्या सरीपर्यंत गेले, बोटानं माती उकरून बघितली. मग अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी सहापासनं माझ्या दुसऱ्या तुकड्याची पाळी हाय. पयले तीन तास तुमचे."

"तीनच," तात्या म्हणाले. "मिनिट जादा नको."

तुम्हा वाचणाऱ्यांना एक बजावून ठेवतो. मी आता म्हातारा आहे. माझ्या सांध्यातून थेंब थेंब गळतो आणि कमिटी म्हणते, पुढच्या साली फोनवर फिरणारा वॉल आणू. आणा. पण खूण काढाल तिचा अर्थ आधी विचारा. सवय आहे, क्लासात सगळे करतात, समद्यांचं चाललंय, असलं ऐकवू नका. ज्या एकाचं चालत नाही, त्याच्याकडे जाऊन बघा. आणि जो माणूस तोंडानं सांगतो, माझं काही देणं नाही, त्याला न बोलणाऱ्याच्या रांगेत बसवू नका. कोऱ्या चौकटीत बसून गप्प राहणं सोपं आहे.

गुरुवारी सकाळी सहाला गुंडानं अण्णांचा वॉल बंदच ठेवला आणि मला चौदा फेरे उघडलं. गुंडा चाकापाशीच थांबला, घरी गेला नाही. अण्णा बांधावर उभे होते. तात्या खोरं घेऊन सरीतून सरीत दारं मोडत, पाणी वळवत गेले. पाणी वाकड्या वाटेला लागलं तेव्हा अण्णा चपला काढून खाली उतरले आणि हातानं माती ओढली. तात्यांनी बघितलं. नको म्हणाले नाहीत, बरं झालं असंही म्हणाले नाहीत.

नऊला दहा मिनिटं असताना शेवटची सरी भिजली. नऊ वाजता गुंडानं मला बंद केलं. तीन तास फिटले.