उभ्याने ऐकलेला तास

राधाबाईंनी साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला. तो घसरला. सुनेने, प्रितीने, मागे चहाचा डबा लावला.

"आता नीट बसा, आई. आणि हे बघा, इथे बोललात की आपोआप लिहून येतं. प्रश्न विचारलात तर उत्तरही देतं. निबंधसुद्धा."

"मग मी काय करू?"

"तुम्ही पास व्हा."

दोघी हसल्या.

परळची रात्रशाळा तिसऱ्या माळ्यावर. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी राधाबाईंना जिना चढणं बंद करायला सांगितलं होतं. आजचा तास बघण्यापुरता सगळ्यांचाच मोबाइलवर होता; दहावीचं वर्ष असं घरून करायचं की वर्गात येऊन, ते तास संपला की मॅडमना लिहून कळवायचं होतं. चौथीत सुटलेली शाळा राधाबाईंना पुन्हा सोडायची नव्हती. तेव्हा घरून, हेच शहाणपणाचं होतं.

साडेसहाला पडद्यावर ऋता मॅडम आल्या. राधाबाई उठून उभ्या राहिल्या.

"ओ राधाबाय, नुसती साडी दिसतेय!" वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा दौलत मोबाइलमधून ओरडला. शिवडीच्या गोदीत जन्म गेलेला माणूस, त्याला हळू बोलता येत नसे. "निघालात कुठं?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या, सगळ्यांचे आवाज बंद केले आणि भूगोलाचं पान लावलं. पडदाभर नकाशा आला. मॅडम दिसेनाशा झाल्या.

राधाबाई उभ्याच होत्या. नद्या झाल्या, खोरी झाली. डावा गुडघा ठणकायला लागला तसा त्यांनी ओट्याला हात टेकला.

प्रिती भाजी चिरता चिरता थांबली. "आई, उभ्या का? बसा ना."

"मॅडम म्हणाल्या नाहीत अजून."

"काय?"

"वर्गात आल्या की आधी बसा म्हणतात. मग फळा पुसतात."

"अहो, इथे कोण बघतंय तुम्हाला?"

राधाबाईंनी पदराने ओटा पुसला. हॉस्पिटलच्या वॉर्डात एकोणतीस वर्षं गेली. मावशी, हे उचला. मावशी, ते पुसा. मावशी, जरा बाजूला व्हा.

तास संपला. राधाबाई स्टुलावर टेकल्या, मोबाइल तोंडाशी धरून बोलल्या. अक्षरं भराभर उमटली, एकही चूक नाही. त्यांनी ती वाचली आणि पुसली. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, पुन्हा लिहिलं.

"काय कळवलंत?" प्रितीने विचारलं.

"गुडघ्याचा पट्टा कुठं ठेवलायस गं?"

प्रितीने भाजी बाजूला सारली. "आई, तीन माळे आहेत."

"माहीत आहे. दर माळ्याला थांबेन." त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. "हे लिहायचं यंत्र मात्र राहू दे. घरी अडलं तर विचारीन त्याला."

प्रिती उठली, कपाटातून पट्टा काढला आणि त्यांच्या पायाशी बसून बांधून बघू लागली.