व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. मंद्रूपच्या कोंडीबानं मटणासाठी ससे पाळले होते आणि त्यांची सगळी उठाठेव पडली होती त्याच्या बायकोच्या, सुंद्राच्या गळ्यात. त्या सकाळी ती घास घेऊन पिंजऱ्यांपाशी आली आणि जागीच थबकली. काल आठ पिल्लं व्यालेली पांढरी मादी उचलून कोंडीबा नराच्या पिंजऱ्याकडं निघाला होता.

"अवं, कालच व्यालीय की ती!"

"म्हनूनच. आज लगीच गाभण ऱ्हाती. म्हैन्यानं दुसरं वेत तयार."

"गुरांचं डाक्टर म्हनलं हुतं, पिल्लांचं दूध सुटंस्तवर थांबा म्हनून."

"त्याला काय जातंय म्हनायला! जनावर नगं म्हनतंय का?"

मादी नको म्हणत नव्हती हे खरं. सुंद्राला तरी कुठं म्हणता आलं होतं? चार वर्षांत तीन मुली, धाकटी अवघी महिन्याची. या घरची रीतच मेली तशी! मुलगा झाला तर बाळंतीण पाच महिने माहेरी. मुलगी झाली तर बारसं उरकताच सासरी परत, म्हणजे पुढचं लवकर. यंदा तिचं रक्त थांबेना, तेव्हा नर्सबाईंनी बजावलं होतं, "दोन वर्षं थांबला नाहीत तर ही हाताला लागायची नाही." सासूनं, गोजाबाईनं, ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं.

महिनाभर पांढरीला आठ पिल्लं ओढत होती आणि पोटात दुसरी वाढत होती. एकतिसाव्या दिवशी ती अडली. घरट्यासाठी उरावरची लव उपसता उपसता आडवी झाली, ती उठलीच नाही. सुंद्रानं तिला मांडीवर घेतलं. नुसती हाडं हाताला लागली.

तेवढ्यात ओसरीवरून गोजाबाईची हाक आली. "सुंद्रे, तुजी वाकळ बाळंतिणीच्या खोलीतनं काढ आन् कोंड्याच्या खोलीत टाक. वार चांगला हाय आज."

"न्हाय टाकणार." मेलेल्या मादीला खाली ठेवून ती उठली. "न्हाय टाकणार, आत्याबाई. मी मरंन. ही मेली तशी."

"आगं, मानूस आन् ससा येक हाय व्हय?"

"न्हाय की. तिला बोलता येत न्हवतं. मला येतंय."

धाकटीला छातीशी धरून ती बाळंतिणीच्या खोलीत शिरली, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर गोजाबाई दार बडवत होती, तोंडाचा पट्टा चालू होता. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. कोंडीबाच्या वहाणा दारापर्यंत येऊन थांबल्याचं तिनं ऐकलं होतं, पण तो एक शब्द बोलत नव्हता. वाचकहो, तिला खरी भीती वाटत होती ती त्याच्या गप्प राहण्याची. असल्या वेळी तुमच्या-आमच्या घरचे पुरुष गप्पच तर असतात.