मुखरूभाऊचं म्हणणं

दिवाळी सरली, शेतात धान पिवळं पडलं, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दिवसभर दुकानं लागतात, आणि रात्री नाटक होतं ते पार उजाडेपर्यंत. पण रेल्वेलाइनीला लागून असलेल्या त्या गावात पडदा पडला म्हणून नाटक संपत नसे. डोळे तांबारलेली माणसं घोंगड्या पांघरून पत्रूच्या पानठेल्यापाशी थांबत. मुखरूभाऊ काय म्हणतो ते ऐकायचं, मग घरी जाऊन झोपायचं.

मुखरू गुरनुले लाकडी बाकावर मांडी ठोकून बसे आणि सुरू होई.

"खलनायक चांगला. पण हसतेच लय. अरे, खरा हरामखोर माणूस कधी हसते काय? आपल्या गावातला कोणी हसताना पायला काय तुमी?"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत, आणि मनातल्या मनात गावातल्या कुणाकुणाची नावं घेत.

अशी एकही गोष्ट नव्हती जिच्यावर मुखरूचं म्हणणं नव्हतं. तरुणपणी तो बल्लारपुरात रद्दीच्या गोदामात कामाला होता. तिथं येणारी पुस्तकं बहुधा पुठ्ठा फाटलेली, शेवट गळालेली. जेवणाच्या सुट्टीत तशी अर्धीमुर्धी ढीगभर पुस्तकं वाचून त्यानं ठरवून टाकलं होतं, "शेवट लेखकाले जमतच नाई. म्हणून तर लोक तेवढा फाडून टाकतेत." गाण्याबद्दल म्हणे, "ज्या गाण्यात दम घ्याले जागा नाई, ते गाणं नाई, भोंगा हाये." टीव्हीवरच्या मालिका बायकोच्या, रुखमाबाईच्या, शेजारी बसून रोज पाही आणि रोज शिव्या घाली. "ह्या बाया झोपतानाही दागिने काढत नाई. चोर काऊन नाई येत यायच्या घरी?" क्रिकेट म्हणजे उभं राहून पगार घेणाऱ्यांचा खेळ, खेळ एकच, कबड्डी, कारण तिथं श्वास संपला की माणूस संपला. शंकरपटात शर्यतीला बैलजोड्या सुटल्या की भोंग्यावर त्याचाच आवाज. बैलांपेक्षा तोच जास्त धावे. आणि निवडणुकीला उभा राहणारा माणूस व धानावरचा तुडतुडा ही एकाच आईची लेकरं, "दोघंही लोंब भरल्याशिवाय येत नाई."

रुखमाबाई हे सगळं चूल फुंकता फुंकता ऐके. जन्मभर ऐकलं. तिला स्वतःचं म्हणणं काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. रोवणीच्या चिखलात बायांबरोबर वाकून ती तेवढी गायची. एकदा तिनं आपल्याच मनची ओवी जुळवली होती:

माझ्या घरचा राघू, बोले चारही प्रहर
पिंजऱ्याले नाई दार, त्याच्या चोचीले गं धार

बांधावरून मुखरूनं ऐकलं. "चाल बरी हाये," तो म्हणाला. "पण राघू काऊन? राघू दुसऱ्याचं बोलते. मी माहं बोलतो."

बाया पदर तोंडात धरून हसल्या. रुखमाबाईही हसली. रोपाची जुडी सोडून पुन्हा वाकली. त्याचं म्हणणं खरंच होतं, तिला वाटलं.

मुखरूचा गाल मात्र कधी रिकामा नसे. सुपारीची खांडं, तंबाखू, चुना हे प्लास्टिकच्या पन्नीत घालून पत्रू लाकडावर खसाखसा घोटी, आणि ती खर्र्याची ओलसर पुडी गाव खाई. त्या मुलखात पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात. सोयरीक जुळली, खर्रा. मयत उठली, खर्रा. खर्र्यावरही मुखरूचं म्हणणं होतंच. "खर्रा दात बांधून ठेवते. माह्या आज्याचा मरेपर्यंत एकही नाई पडला."

आधी त्याला तिखट सोसेना. तो म्हणाला, मिरच्याच बिघडल्या, खतानं. मग घास मोठा जाईना. रुखमाबाई भाताचे बोराएवढे मुटके करून ताटात ठेवू लागली आणि तोही ते न बोलता खाऊ लागला. यात काही वावगं आहे हे कुणालाच दिसलं नाही. दिसणार कसं? ठेल्यावर बसणाऱ्या सगळ्यांचीच तोंडं तेवढीच उघडत होती. पत्रूचं तर त्याहून कमी. ज्याच्या तोंडात तीन बोटं उभी मावतील असा माणूस त्या बाकावर उरलाच नव्हता. मग कमी म्हणायचं कशाच्या मानानं?

पाहिलं ते लेकीनं. रंजीता बल्लारपुरात नांदत होती. पोळ्याला माहेरी आली, बापाला सीताफळ फोडून दिलं, आणि तो फळाला तोंड न लावता गर बोटानं खरवडून ओठांतून आत ढकलतो आहे हे तिनं पाहिलं.

"बाबा, आ करा."

"आ काय करा? मी काय लहान पोरगा हाये?"

"करा मनते ना मी!"

त्यानं केलं तेवढ्या फटीतून तिनं मोबाइलचा उजेड आत टाकला. जिभेखाली पांढरं, फाटलेलं काही होतं. रंजीतानं उजेड बंद केला. बाहेर अंगणात जाऊन तिनं नवऱ्याला फोन लावला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर वयानं लहान होते. कागद पाहून म्हणाले, जीभ काढावी लागेल. पूर्ण. आणि थांबून चालणार नाही.

"आन् नाई काढली त?" मुखरूनं विचारलं.

"तर पुढच्या वर्षीची दिवाळी अवघड आहे, काका."

परतीच्या गाडीत मुखरू खिडकीशी बसला होता. बोलणारा माणूस गप्प बसला की डब्यात कुणी मेल्यासारखं वाटतं, तसं रुखमाबाईला वाटत राहिलं. घरी येऊन त्यानं पाय धुतले, खाटेवर बसला आणि म्हणाला, "नाई जाचं मले. मंडई होऊ दे. नाटक पायतो. मंग पाहू."

"मंडईले अजून लय वेळ हाये," रुखमाबाई म्हणाली.

"आन् तिच्यामागून शंकरपट हाये. कोण बोलंन भोंग्यावर? पत्रू?"

"कोणी नाई बोललं तरी बैल धावतीलच."

मुखरू तिच्याकडे पाहत राहिला. असं उत्तर त्याला या घरात कधी मिळालं नव्हतं.

"रुखमे," तो सावकाश म्हणाला, "मी म्हणजे काय हाये? शेत दोन बांधायचं. पोरगी एक, ते परक्या घरी. उंची नाई, रंग नाई. बोलतो म्हणून चार माणसं मले ओयखतेत. जीभ देऊन जो वापस येईन, तो कोण असंन? त्याले तू भात घालशीन, पण तो कोण?"

"तो माहा नवरा असंन."

"मुका."

"मुका त मुका. मले तुमचं बोलणं नाई पायजे. तुमी पायजे."

हे तोंडातून निघून गेलं तेव्हा तिलाच भीती वाटली. जन्मभरात तिनं पहिल्यांदा काही हवं म्हणून सांगितलं होतं, आणि तेही असं की त्याच्या जिवाचा एक तुकडा त्यासाठी तोडायचा. मुखरूनं भिंतीकडे तोंड केलं. तिनं मग चुलीपुढून उठून त्याच्या पायाशी बसत आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तो त्या गोष्टीनं दवाखान्यात गेला, नाहीतर गेला नसता. ती म्हणाली, "तुमाले जमंन तसं सांगा. बोटानं सांगा, डोयानं सांगा. मी समजीन. आन् लोकायले सांगीन. तुमचंच सांगीन, माह्या पदरचं घालणार नाई."

"शिव्याही?"

"शिव्याही."

त्यानं तोंड भिंतीकडून तिच्याकडे वळवलं. मग म्हणाला, "तुले शिव्या जमणार नाई." आणि दुसऱ्या दिवशी रंजीताला फोन लावायला सांगितला.

दवाखान्यातून आलेला माणूस अर्धा उरला होता. नाकातून नळी, नळीतून पेज. हनुवटीखाली मांडीचं कातडं शिवलेलं. मंडई झाली, शंकरपट झाला, कुणी दुसरा भोंग्यावर बोलला, मुखरू गेला नाही. हिवाळा घरातच गेला. उन्हाळ्यात कधीतरी त्याच्या गळ्यातून आवाज निघू लागला. तो बोलत होता, पण शब्दांची हाडं काढून घेतल्यासारखं ते बोलणं मऊ, लिबलिबीत येई. रंजीताला समजेना. डॉक्टरांना समजेना. रुखमाबाई जवळ बसून राहिली, ओठ पाही, कंठ पाही, मान कुठं वळते ते पाही. गाय गाभण असली की तिच्या हंबरण्यातला फरक तिला कळे. तसं हे कळू लागलं. पहिलं वाक्य कळलं ते टीव्हीवरच्या मालिकेबद्दल होतं. तिला हसू फुटलं आणि लगेच रडूही.

पावसाळ्यात दोघं ठेल्यावर जाऊ लागली. मुखरू गुरगुरे, रुखमाबाई सांगे. आधी लोक तोंड फिरवत, मग ऐकू लागले, मग मजा घेऊ लागले. बाईच्या शांत, खाली मानेच्या आवाजात मुखरूच्या शिव्या ऐकणं हीच गंमत होऊन बसली. "आमदाराच्या गाडीखाली..." असं म्हणून ती पदर सारखा करी आणि पुढलं सगळं जसंच्या तसं सांगून टाकी. बापूजी पाटील तर म्हणाले, "मुखऱ्या, तुह्यापेक्षा बाईच बरी बोलते." मुखरूनं यावर जे उत्तर दिलं तेही रुखमाबाईनं सांगितलं. बापूजी दोन दिवस ठेल्यावर आले नाहीत.

मंडई आली. डॉक्टरांनी अवघड म्हटलेली दिवाळी मागं पडली होती. मुखरूनं रात्रभर नाटक पाहिलं, कानटोपी आणि मफलर घालून, रुखमाबाईच्या खांद्याला टेकून. सकाळी पत्रूच्या ठेल्यापाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी. शेजारगावचे पाहुणेही आले होते, ह्या जोडीचं नाव ऐकून.

"हं, भाऊ. कसं काय वाटलं नाटक?" पत्रूनं विचारलं.

मुखरूनं मान वर केली. लोकांकडे पाहिलंच नाही, बायकोकडे पाहिलं, आणि बोलला. आवाज लहान होता. बोलणं संपलं, तरी रुखमाबाई काही सांगेना.

"काय म्हणतेत बाई?"

तिनं ओठ ओले केले. "म्हणतात... नाटक लांबलं. तिसरा अंक नोको होता."

लोकांनी माना हलवल्या. पण मुखरूनं बाकावर थाप मारली. नाही, नाही. पुन्हा बोलला, तेच, तसंच.

"बाई चुकल्या!" पाहुण्यांतलं कुणी ओरडलं. हशा पिकला. "नीट ऐका ना वो काकू!"

तिनं नीटच ऐकलं होतं. त्यानं आपला हात मफलरच्या आत घातला होता आणि कानाखाली काहीतरी धरून ठेवलं होतं. घरी सांगितलं असतं तर तिनं रंजीताला फोन केला असता, गाडी आली असती, नळी आली असती. म्हणून त्यानं ही जागा निवडली होती. इथं, लोकांसमोर, दिलेल्या शब्दाप्रमाणे ती त्याचं बोलणं बदलू शकत नव्हती. बदललं ते त्यानं पकडलं होतं. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसती वाट पाहणं होतं.

"म्हणतात," रुखमाबाई म्हणाली, "गाठ वापस आली, मानेत. म्हणतात, या खेपेस नेऊ नोको."

हशा ज्याच्या त्याच्या तोंडात राहिला. कुणी उठेना, कुणी बसेना. पत्रूनं हातातली पन्नी खाली ठेवली आणि आपल्याच गालावरून हात फिरवला. मुखरूनं मान हलवली. बरोबर. आता बरोबर सांगितलं.

"आन् तुमी काय म्हणता बाई?" पत्रूनं हळू विचारलं.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिला खूप म्हणायचं होतं. गेल्या खेपेला तिनं ओढून नेलं होतं आणि एक वर्ष मिळवलं होतं, नळीतून पेज ओतत, ओठ वाचत, त्याच्या शिव्या आपल्या तोंडानं देत. तिला ते वर्ष गोड लागलं होतं. त्याला कसं लागलं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं, भीतीनं. आता तो तिच्याकडे बघत होता, हात मफलरच्या आतच ठेवून.

"नाई नेत," ती म्हणाली. "मी नाई नेत तुमाले."

मुखरूनं हात मफलरमधून बाहेर काढला. मफलर सारखा केला, बाकावर मांडी नीट घातली, आणि लोकांकडे वळून बोलू लागला, हातवारे करत, भराभर, खूप बोलायचं राहून गेल्यासारखं.

"म्हणतात, पेटीवाला पेटी वाजवत नवता, लोणचं कालवत होता," रुखमाबाई सांगू लागली. एकही शब्द तिनं गाळला नाही. "म्हणतात, नायिकेनं मरताना साडी सावरली. म्हणतात, मरणारी बाई साडी सावरत नाई, नवऱ्याले सावरते."

मुखरू थांबला. नेहमी इथं लोक हसायचे. त्यानं या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. पाहुणे खाली बघत होते, पत्रू पाठ करून उभा होता. मुखरूच्या कपाळावर आठी पडली, चांगला विनोद वाया गेल्यावर पडते तशी, आणि त्यानं गळ्यातून एक तोकडा, चिडका आवाज काढला.

"हसा म्हणतात," रुखमाबाईनं सांगितलं.