अनुभवाचा दाखला

गोपीनाथने जेवणाच्या डब्याचं झाकण टेबलावर आपटलं, तसा फायलीला टेकवलेला फोन आडवा पडला. भावनाने तो उचलून पुन्हा उभा केला. पडद्यावर त्यांची मृणाल, डब्लिनमधल्या आपल्या खोलीत, गळ्याला मफलर गुंडाळत होती. आज तिचा तिथल्या ऑफिसातला पहिला दिवस. पगार किती, असं बापाने विचारलं आणि तिने खाली मान घालून सांगून टाकलं, की काहीच नाही. सहा महिने इंटर्नशिप, बिनपगारी.

"म्हणजे फुकट राबायचं?"

"शिकायला मिळतं, बाबा. शेवटी अनुभवाचं सर्टिफिकेट देतात, त्यावर पुढे नोकरी लागते."

"सर्टिफिकेट काय चाटायचंय? फुकट राबणाऱ्याला जग गाढव म्हणतं. आजच नाही म्हणून सांग, नाहीतर तिकीट काढतो, घरी ये."

वागळे इस्टेटमधला हा रबरी वॉशरचा कारखाना गोपीनाथचा. खाली आठ कामगार, वर पोटमाळ्यावर हे ऑफिस, आणि ऑफिसात भावना. लग्नाच्या वर्षी क्लार्क सोडून गेला म्हणून "दोन महिने सांभाळ" असं सांगून त्याने तिला डोंबिवलीहून आणलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. मृणालच्या वेळी नववा महिना लागेपर्यंत ती हा लोखंडी जिना चढत होती. बिलं, बँक, कामगारांच्या रजा, सगळं तिच्याच गळ्यात. क्लार्कला पगार होता. हिला कशाला? घरचंच तर काम. सासूबाई तसं म्हणायच्या, गोपीनाथ म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर तीही म्हणायची.

पण आज त्या ‘गाढव’ शब्दाने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मृणू, तू नीघ," ती फोनकडे बघत म्हणाली. "पहिल्याच दिवशी उशीर नको."

फोन बंद झाला. गोपीनाथने पोळीचा तुकडा मोडला.

"तूच चढवून ठेवलंयस तिला. तुला काय कळतंय बाहेरच्या जगातलं? कधी नोकरी केलीयस?"

भावनाने हातातला घास डब्यात परत ठेवला, हात धुतले आणि कॉम्प्युटरवर कारखान्याचं लेटरहेड उघडलं. काम सोडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा दाखला तीच टाइप करायची, मजकूर तोंडपाठ होता. नाव बदललं, तारखा बदलल्या. कीबोर्ड असा काही बडवला, की खाली मशीनवरच्या देवरामने मान वर करून पाहिलं. छापलेला कागद तिने गोपीनाथच्या पुढ्यात ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट टेकवलं. ती जिथे बोट ठेवील तिथे सही करायची, वाचायचं नाही, ही त्याची सव्वीस वर्षांची सवय. त्याने डाव्या हाताने डबा सरकवला आणि सही ठोकली.

"आता कोण सोडून चाललंय?" त्याने ताकाचा घोट घेत विचारलं.

भावनाने खणातून शिक्का काढून कागदावर मारला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मग शिक्का आणि कपाटाच्या किल्ल्या त्याच्या डब्याशेजारी ठेवल्या.

"सव्वीस वर्षं होती ती इथे," ती म्हणाली. "काम चोख, वागणूक चांगली. तुम्हीच सही करून दिलंयत."